साउथ फील्डच्या कडेला

भाईंदर पश्चिमेच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मैदानाच्या कडेला तुम्ही उभे आहात. संध्याकाळ उतरलीय, कबड्डीचा सराव रंगात आलाय. एक पोरगा दम धरून चढाईला येतो, उजव्या कोपऱ्याला हूल देतो आणि वळतो न वळतो तोच तिघे त्याच्यावर तुटून पडतात. एकाने घोटा धरलाय, एकाने मांडी, तिसऱ्याचा हात घाईत गळ्याशी गेलाय. लगेच कडेवरून आवाज येतो, "ए, गळा सोड! घोट्याला जा, घोट्याला!" गळ्यावरचा हात सुटतो. चढाईवाला उठतो, गुडघ्याची माती झटकतो आणि खेळ पुढे सुरू होतो.

गळ्याला हात लावायचा नाही, हे त्या पोराला आज कळलं. पण हे कुणीतरी, कधीतरी ठरवलं असणार. काहीतरी डोळ्यांनी पाहून ठरवलं असणार. मैदानावरचा नियम कसा जन्माला येतो, त्याची किंमत कोण मोजतं आणि कुठला नियम बदलायला माणसं सर्वांत जास्त वेळ लावतात, ते आज जवळून बघायचंय. तेव्हा पाय आहेत तिथेच ठेवा आणि सालं मागे सरकू द्या.

टॉवर जातात. रस्त्यावरचे दिवे जातात. नोव्हेंबर १९०५. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची वाफेची गाडी खाडीच्या पुलावरून वसईकडे निघालीय. विजेवरची लोकल विरारपर्यंत पोचायला अजून तीसेक वर्षं आहेत. पावसात फुटलेले मिठागरांचे बांध आगरी माणसं चिखल थापून नीट करताहेत. मागच्या हंगामातल्या मिठाच्या राशी गवताने शाकारून ठेवल्यात. भात कापून झालंय आणि रिकाम्या शेतात पोरं हुतूतू खेळताहेत. नियम गावागणिक वेगळे. इथे बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाल्यावर उठतो, पलीकडच्या गावात उठत नाही. मैदान किती लांब, ते शेत किती मोकळं त्यावर. भांडण झालं तर थोरलं कुणी निकाल देतं. बडोद्याचा हिंद विजय जिमखाना हुतूतूचे नियम छापून स्पर्धा भरवील १९२३ मध्ये.

याच आठवड्यात समुद्रापलीकडच्या एका खेळाला मात्र छापील नियमपुस्तक आहे. नियम करणारी समिती आहे, पंच आहेत, तिकीट काढून आलेली गर्दी आहे. आणि त्या पुस्तकाप्रमाणे खेळताना कॉलेजची आणि शाळेची पोरं मरताहेत. आता तिकडे चला.

शनिवार, २५ नोव्हेंबर १९०५. न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स भाग, युनिव्हर्सिटी हाइट्सवरचं ओहायो फील्ड. अमेरिकन फुटबॉलचा सामना, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी विरुद्ध युनियन कॉलेज. थंडी तुमच्या शर्टातून आत शिरते. हॅट आणि लांब कोट घातलेली माणसं लाकडी बाकांवर दाटीने बसलीत, तंबाखूच्या धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास एकमेकांत मिसळलाय. मैदानावर पाच-पाच यार्डांवर चुन्याच्या आडव्या रेघा मारल्यात.

एक खेळाडू अगदी तुमच्या हाताच्या अंतरावर येऊन थांबतो. त्याच्याकडे नीट बघा. जाड कॅनव्हासचं, पुढून दोरीने आवळलेलं जाकीट. मांडीला गादी शिवलेली, गुडघ्यापर्यंतची तुमान. पायात चामड्याच्या खुंट्या ठोकलेले बूट. डोक्याला काही नाही. चामड्याची टोपी मिळते, पण ती घालायची सक्ती नाही, म्हणून बरेच जण केस वाढवतात आणि त्यांच्या भरवशावर डोकं खाली घालून घुसतात. गळ्यात रबरी नाकपट्टी लोंबतेय; ती नाकावर चढवून खालचं टोक दातांत धरायचं. एका भुवईवर जुनी खोक आहे. वय एकोणीस-वीस. भाईंदरच्या मैदानावर जी पोरं तुम्ही आत्ता सोडून आलात, त्यांच्याच वयाचा आहे तो.

शिट्टी होते. अकरा विरुद्ध अकरा. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाही तर चेंडू समोरच्याला. चेंडू पुढे फेकायला बंदी. बाजूला किंवा मागे देता येतो, लाथ मारता येते, नाही तर छातीशी कवटाळून पळायचं. आता विचार करा, पाच यार्ड म्हणजे जेमतेम साडेचार मीटर. तेवढ्यासाठी लांबून वळसा घ्यायची जोखीम कोण पत्करील? सरळ समोरच्या भिंतीत घुसायचं. म्हणून दोन्ही फळ्या खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या तोंडासमोर वाकून उभ्या राहतात. चेंडू सुटला की चेंडूवाल्याला त्याचेच साथीदार मागून ढकलतात, पुढून ओढतात. काही संघांनी तर तुमानीच्या पट्ट्याला चामड्याच्या मुठी शिवून घेतल्यात, गडी धरून पुढे फेकायला सोपा जावा म्हणून. समोरचे सगळे त्याच जागी धावतात. दोन सेकंदांत वीसेक देहांचा ढीग होतो. ढिगाच्या तळाशी काय चाललंय ते पंचाला दिसत नाही. तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही जवळ आहात. मुठी चालतात, कोपर चालतं, बोटं डोळ्याकडे जातात. शिट्टी झाल्यावर एकेक जण उठतो. जो शेवटी उठतो, त्याच्या तोंडातून रक्त आणि माती बरोबरच बाहेर पडते. बादलीतला स्पंज त्याच्या तोंडावर पिळतात आणि तो परत रांगेत जातो.

दर ढिगानंतर किती जण उठले, ते तुम्ही नकळत मोजायला लागता.

युनियनचा हाफबॅक हॅरल्ड मूर समोरून येणाऱ्या झुंडीला अडवायला धावतो. ढीग पडतो. शिट्टी होते. सगळे उठतात, मूर उठत नाही. त्याला उचलून बाहेर नेतात, तिथून इस्पितळात. मेंदूतल्या रक्तस्रावाने तो त्याच संध्याकाळी जातो.

त्या एका हंगामात वर्तमानपत्रांच्या मोजणीप्रमाणे किमान १८ मुलं दगावली, त्यातली बरीचशी शाळकरी. दीडशेच्या वर जबर जखमी. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबरलाच हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावून खेळ स्वच्छ करा म्हणून बजावलं होतं. रूझवेल्ट या खेळाचे चाहते. त्यांचा मुलगा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता आणि त्याच हंगामात नाक फोडून घेऊन बसला होता. तरीही ऑक्टोबरच्या त्या जेवणाने नोव्हेंबरचा शनिवार टळला नाही.

मैदानातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत मिसळा आणि कान उघडे ठेवा. वाईट झालं, सगळेच म्हणताहेत. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, की हा खेळच असा आहे, याने पोरं मर्द होतात, मऊ केला तर खेळ उरणारच नाही. बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यातले काही स्वतः खेळलेत, काहींची मुलं खेळताहेत. त्यांना मनापासून वाटतं की हिंसा हा या खेळाचा जन्मजात स्वभाव आहे. प्रत्यक्षात तो स्वभाव दोन नियमांनी घडवलेला होता : पाच यार्डांची अट आणि पुढे फेकायची बंदी. दोन्ही माणसांनीच लिहिलेले, दोन्ही खोडता येण्यासारखे.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे चॅन्सलर हेन्री मॅक्क्रॅकन यांच्या मैदानावर पोरगा गेला होता. त्यांनी हार्वर्डच्या अध्यक्षांना तार केली, की सगळ्या कॉलेजांची बैठक बोलवा. नकार आला. मग त्यांनी स्वतःच बोलावली. मूर गेल्यावर तीन दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, त्याच शहरातल्या कोलंबिया युनिव्हर्सिटीने फुटबॉल बंदच करून टाकला. विद्यार्थी खवळले, पण बंदी उठली नाही. २८ डिसेंबरला ६२ कॉलेजांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी जी संघटना उभी केली, तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात. अमेरिकेतला कॉलेजचा बराचसा खेळ आज जिच्या नियमांनी चालतो, ती हीच.

तिकडे हिवाळाभर समित्या बसल्यात, तोवर एक पाऊल घराकडे टाका. फेब्रुवारी १९०६, मुंबई. हिंदू संघ आणि युरोपियन संघ यांचा क्रिकेटचा सामना चाललाय. डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू समोरच्या फलंदाजांना नाचवताहेत. हिंदू १०९ धावांनी जिंकतात आणि शहरभर आनंद होतो. तुम्हाला मात्र मला बाळूंचा सराव दाखवायचाय, त्याच्या काही वर्षं आधीचा. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात महिना चार रुपयांवर ते नोकरीला आहेत. खेळपट्टी झाडायची, जाळी बांधायची आणि साहेबांना चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करतात. बाळू टाकतात, ग्रेग खेळतात. चेंडू बाळूंच्या हातात रोज येतो, बॅट मात्र कुणी देत नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत, चांभार समाजातले बाळू तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. हा नियम क्रिकेटच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता आणि पुस्तकातल्या सगळ्या नियमांपेक्षा काटेकोर पाळला जात होता.

१९०६ चा हंगाम आला तेव्हा अमेरिकेतलं नियमपुस्तक बदललेलं होतं. तीन प्रयत्नांत पाचच्या जागी दहा यार्ड. दोन फळ्यांच्या मधे चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा. खेळ सत्तर मिनिटांवरून साठ मिनिटांवर. आणि सर्वांत मोठी गोष्ट, चेंडू पुढे फेकायला मुभा. येलच्या वॉल्टर कॅम्प यांना ही पुढची फेक नकोशी होती. हा खेळ ज्यांनी घडवला, त्यांच्यात कॅम्प यांचं नाव पहिलं, तरीही. कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांनी तर अमेरिकन फुटबॉलच सोडला आणि रग्बी धरली.

नवा नियम कागदावर आला म्हणजे मैदानावर आला असं नसतं. तो अंगात भिनावा लागतो. ते बघायला १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी या. ही लष्कराची जुनी छावणी. १८७९ पासून इथे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा आहे. शेकडो मैलांवरून आई-बापांपासून आणलेल्या मुलांचे इथे आल्या आल्या केस कापतात, त्यांना त्यांच्या भाषेत बोलू देत नाहीत. आवारात लहान थडग्यांची रांग आहे. ती पाहिल्याशिवाय मैदानाकडे जाऊ नका.

मैदानावर पॉप वॉर्नर हे प्रशिक्षक सराव घेताहेत. एका चौकटीला दोराने टांगलेल्या भुशाच्या बाहुल्यावर मुलं एकामागून एक झेप घेतात. खांदा मांडीवर, हात गुडघ्यांच्या मागे, डोकं बाजूला. चुकलं की परत. पलीकडे जमिनीवर घरंगळणाऱ्या चेंडूवर अंग टाकायचा सराव चाललाय. तिसरीकडे चेंडू वाटणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, आकडे ओरडतो आणि त्या आकड्यांवर अकरा जण ठरल्या दिशांना पळतात, चेंडूशिवाय, परत परत, पाय आपोआप वळेपर्यंत. ही मुलं हार्वर्ड-येलच्या मुलांपेक्षा अंगाने लहान. ढिगाच्या खेळात ती चेंगरली असती. म्हणून वॉर्नर त्यांना चेंडू फिरवत फेकायला शिकवतात. बोटं शिवणीवर, मनगटाचा झटका, आणि फुगीर, जड चेंडू हवेत स्वतःभोवती फिरत वीस-पंचवीस यार्ड जातो. झेलणारा पळतापळता हात वर करतो. अजून दहातले पाच निसटतात. निसटलेल्या प्रत्येक फेकीला सामन्यात जबर दंड आहे, तरीही ते फेकतच राहतात. त्याच ऑक्टोबरात या शाळेने पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीला २६–६ असं हरवलं.

याच मैदानावर सॅक अँड फॉक्स जमातीचा एक पोरगा प्रशिक्षकाच्या मागे लागलाय, मलाही खेळू द्या. तो उंच उडीवाला. पाय मोडून घेईल म्हणून वॉर्नर त्याला टाळताहेत. शेवटी कंटाळून त्याच्या हातात चेंडू देतात, म्हणजे बाकीच्यांना पकडीचा सराव तरी होईल. पोरगा पळत सुटतो. पहिल्याला चुकवतो, दुसऱ्याला हाताने दूर सारतो, तिसऱ्याच्या हाताला लागत नाही, आणि अख्ख्या संघातून आरपार निघून पलीकडे जाऊन उभा राहतो. तो जिम थॉर्प. १९१२ मध्ये त्याने ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं आणली आणि त्याच नोव्हेंबरात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा कार्लाइलने २७–६ असा पाडाव केला. त्या दिवशी लष्कराकडून ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा, पुढे देशाचा अध्यक्ष झालेला, एक कॅडेटही खेळत होता.

मधल्या काळात मरणं थांबली होती, असं समजू नका. १९०९ मध्ये हार्वर्डविरुद्ध खेळताना वेस्ट पॉइंटचा युजीन बर्न जबर जखमी झाला आणि दगावला, तेव्हा अकादमीने उरलेला हंगामच सोडून दिला. मग १९१० मध्ये साथीदाराला ढकलणं-ओढणं बंद झालं, सात जण फळीत हवेतच असं ठरलं, खेळ चार भागांत वाटला गेला. १९१२ मध्ये तीनाचे चार प्रयत्न झाले, टचडाउनला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेण्याला, सहा गुण झाले. म्हणजे खेळाचा जन्मजात वाटणारा स्वभाव बदलायला सात हिवाळे लागले. मला विचाराल तर सात वर्षं ही थोडी नाहीत, पण फारही नाहीत. माणसांनी एकदा मनावर घेतलं की काय होतं, त्याचा हा पुरावा आहे.

आता ज्या जागेसाठी तुम्हाला इतक्या लांब आणलं, तिथे उभे राहा. न्यूयॉर्क, १९१५ चा पानगळीचा मोसम. ११६ वा रस्ता. तुमच्या पाठीशी कोलंबियाची लो लायब्ररी, दगडी घुमट आणि रुंद पायऱ्या. समोर दक्षिणेला साउथ फील्ड. दहा वर्षांच्या बंदीनंतर कोलंबियाने या हंगामात फुटबॉल परत सुरू केलाय. प्रशिक्षक नेल्सन मेटकाफ. आव्हान घ्यायचं ते लहान कॉलेजांचं, फार बडबड न करता. पाच सामने होतील आणि पाचही कोलंबिया जिंकेल.

तुम्ही पाहिलेल्या ब्रॉन्क्सच्या खेळाशी हा ताडून बघा. फळ्या समोरासमोर आहेत, पण मधे जागा दिसते. चेंडू बारीक, निमुळता झालाय. क्वार्टरबॅक चार पावलं मागे सरतो. बचाव करणारे पुढे झेपावतात आणि त्याच क्षणी तो त्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकतो. कडेने सुटलेला गडी मान वळवून वर बघतो, दोन्ही तळवे पोटाशी जोडून चेंडू घेतो आणि पळतो. त्याच्यामागे दोघेच, कारण बाकीचे मैदानभर विखुरलेत. तो पडतो. दोघे त्याच्यावर पडतात. तिघेही उठतात. मार अजून बसतोच आणि रक्तही येतं, पण पंचाला आता सगळं दिसतं.

मैदानाच्या पूर्व कडेला लागून दोन उंच वसतिगृहं आहेत, हार्टली हॉल आणि लिव्हिंग्स्टन हॉल. त्यांच्या खिडक्यांकडे बघा. जुलै १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला आले, ते आधी हार्टलीत उतरले. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते लिव्हिंग्स्टनमध्ये राहिले. बाहेर शिट्ट्या आणि आरोळ्या चालू असताना त्यांना या गर्दीत शोधू नका. दिवसाचे अठरा तास अभ्यास, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. याच १९१५ मध्ये त्यांनी प्रबंध लिहून एम. ए. पदवी घेतली. ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, भारतातल्या जातींची घडण कशी झाली यावरचा निबंध ते वाचतील. जात ही निसर्गाची देणगी नाही, ती माणसांनी विवाहाच्या बंधनांतून घडवली आणि टिकवली, हा त्या निबंधाचा गाभा. हा खेळच असा आहे, म्हणणारी ब्रॉन्क्सची गर्दी तुम्ही ऐकून आलात. त्या खिडक्यांच्या आड एक विद्यार्थी, समाजच असा आहे, या म्हणण्याला उत्तर तयार करतोय. कोलंबियातले काही वर्गमित्र आणि प्राध्यापक हे आपले सर्वांत चांगले मित्र, असं त्यांनी पुढे लिहिलं. वर्गात, जेवणाच्या टेबलाशी, वाचनालयात तिथे त्यांना कुणी बाहेर बसवलं नाही.

पण त्याच अमेरिकेत, इथून पन्नासेक किलोमीटरवर, काय चाललंय तेही बघावं लागेल. न्यू जर्सीतलं न्यू ब्रन्सविक, रटगर्स कॉलेज. देशातला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना १८६९ मध्ये इथेच झाला. त्याच १९१५ च्या मोसमात सतरा वर्षांचा एक उंच, रुंद खांद्यांचा मुलगा संघात निवड व्हावी म्हणून सरावाला आलाय. पॉल रोबसन. त्याचे वडील गुलामीत जन्मले आणि तिथून पळून सुटले. अख्ख्या कॉलेजात तो एकटाच कृष्णवर्णीय आहे. संघातल्या गोऱ्या मुलांनी आपसात ठरवलंय, की याला टिकू द्यायचं नाही.

सरावाच्या पहिल्याच दिवशी एक जण त्याच्या नाकावर ठोसा मारतो. नाक मोडतं. तो पाठीवर पडतो तेव्हा दुसरा गुडघे रोखून त्याच्या अंगावर पडतो. उजवा खांदा निखळतो. दहा दिवस तो अंथरुणात. या दहा दिवसांत त्याला घरून एकच सांगणं आहे, तू एकट्यासाठी तिथे गेलेला नाहीस, ज्यांना कॉलेजात जायचंय आणि खेळायचंय त्या सगळ्यांसाठी गेलायस. तो परत येतो. एका पकडीनंतर जमिनीवर पडलेला असताना त्याच्या पसरलेल्या हातावर बूट पडतो, खुंट्यांचा बूट, मुद्दाम. बोटांची नखं उपटून निघतात. तुम्ही कडेला उभे आहात, ते हात तुम्हाला दिसतात. पुढचा डाव त्याच्याच दिशेने येतो. तो दोन्ही हात झाडतो, तिघे बाजूला फेकले जातात, आणि चेंडूवाल्याला तो उचलून डोक्यावर धरतो. त्याला आपटणार, इतक्यात प्रशिक्षक सॅनफर्ड ओरडतात, की तुझी मुख्य संघात निवड झाली. रोबसन त्याला खाली ठेवतो.

ढिगाचा नियम सात हिवाळ्यांत बदलला. हा दुसरा नियम कुठल्याच समितीच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो खोडायला बैठक बोलावता येत नव्हती. १९१६ च्या ऑक्टोबरात रटगर्सच्या दीडशेव्या वर्षाचा उत्सव. दक्षिणेतल्या वॉशिंग्टन अँड ली युनिव्हर्सिटीचा संघ आला आणि कृष्णवर्णीय खेळाडूबरोबर खेळणार नाही म्हणाला. रटगर्सने रोबसनला बाहेर बसवलं. पुण्यातला तंबूबाहेरचा चहा तुम्ही पाहिलाय, म्हणून त्या बाकाकडे बघताना तुम्हाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाकडून तशीच मागणी आली. या खेपेला सॅनफर्ड यांनी ती धुडकावली, रोबसन खेळला आणि सामना बरोबरीत सुटला.

इकडे मुंबईत बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, १९२३ मध्ये, तेही मोठ्या वादानंतर.

रोबसन १९१८ मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या देशातल्या सर्वोत्तम अकरांत निवडला गेला. मग त्याने कोलंबियातून कायद्याची पदवी घेतली, तो जगप्रसिद्ध गायक आणि नट झाला, आणि त्याच्या राजकीय मतांमुळे १९५० मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिली नावं लागली ती १९५१ मध्ये. रोबसन १९७६ मध्ये गेला. त्याचं नाव तिथे लागलं १९९५ मध्ये.